अर्धा घासलेला हार

सेलूच्या सोनाराघरी नांदलेल्या रुख्मिणीबाईंना काळवंडलेला दागिना दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. चिंच-रिठ्याने घासल्याशिवाय त्यांनी तो कधी गिऱ्हाइकाला दिला नाही. वर्ध्यात तरुण कारागिरांच्या दागिन्यांचं प्रदर्शन होतं. त्या सकाळी लेक रक्षाने त्यासाठी घडवलेला चांदीचा हार त्यांना काळाकुट्ट दिसला आणि त्या कामाला लागल्या. अर्धा लखलखला, तेवढ्यात रक्षा न्हाणीतून बाहेर आली.

"आई, काऊन घासून राह्यली? मुद्दाम काळा केलता मी."

पुन्हा काळा करायला वेळ नव्हता. हार तसाच मांडला. लोक मात्र त्याच्याच भोवती जमले. अर्ध्या हारात रात्र, अर्ध्यात उजाडलेलं, असं कौतुक सुरू झालं.

पिशवीतली चिंच चाचपत रुख्मिणीबाई लेकीच्या कानाशी लागल्या.

"गर्दी हटू दे, मंग उरलेलाबी घासू."