कलेजीचा डबा

माझ्या नवऱ्याचं लिव्हर डॉक्टरांना हवं होतं तेवढं वाढलं होतं. तरी तो गेला.

आज वर्ष झालं.

लोक अजून विचारतात म्हणून आधीच सांगते. संतोष दारू पीत नव्हता. ट्रेलर चालवायचा आणि न्हावा शेवा बंदराच्या रांगेत तासन् तास चहा प्यायचा, बस.

कॅन्सरची गाठ लिव्हरच्या उजव्या भागात होती. तो भाग काढायचा, तर डावा फारच लहान. तेवढ्यावर माणूस तगणार नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी उजवीकडे जाणारी रक्ताची शीर आतून बंद केली. रक्त डावीकडे वळेल, डावा भाग वाढेल, मग ऑपरेशन.

संतोष म्हणाला, "म्हणजे एक लेन बंद, सगळा ट्रॅफिक दुसऱ्या लेनने."

डॉक्टर हसले. "तसंच."

मग काही आठवडे नुसती वाट बघायची. मला ते जमेना. सासूबाईंना तर त्याहून नाही.

त्या विचुंब्याहून रोज रिक्षाने आमच्या घरी डबा घेऊन यायच्या. बकऱ्याची कलेजी.

"डॉक्टर काय बी सांगू दे. कलेजीनंच कलेजी वाढते."

आता खरी गोष्ट. संतोषला कलेजी अजिबात आवडायची नाही. लहानपणी गुपचूप धाकट्या भावाच्या ताटात सरकवायचा. आईला कधी कळलंच नाही.

पण तो डबा रोज पुसून खायचा. मी म्हटलं, "आईंना नको म्हणून सांग ना."

"ऱ्हाऊ दे. तिला वाटतंय तीच वाढवतेय."

स्कॅन झाला. डावा भाग मस्त वाढलेला. आणि त्याच वाढलेल्या भागात दोन नवीन गाठी.

ऑपरेशन रद्द.

बाहेर येऊन त्याने आईला एवढंच सांगितलं, "आय, वाढलं गं. तुझ्या डब्यानं."

पुढचं मला सांगावं लागलं. त्याचा तेव्हा खूप राग आला होता. अजून येतो.

सासूबाई मोबाईलवर फक्त फोन घेतात, म्हणून हे इथे फेसबुकवर लिहितेय. भाऊजी, तुम्हीही आईंना यातलं काही बोलू नका.

आमच्याकडे वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. आज आईंनी पानात मधोमध कलेजी वाढली.

"माज्या संतोषला लय आवडायची."

मी म्हटलं, "हो आई."

संतोष, आजच्या दिवस खाऊन घे.

उद्या मी तुझे आवडते बोंबील करते.