नीट बंद केलेलं मशीन

खंडेनवमीला सकाळी अकरा चाळीसला आमच्या स्क्रीनवर एक ओळ आली. काम रांगेत आहे, पण ते करायला एकही रनर उपलब्ध नाही.

मी घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. काही अडलं की आधी वेळ लिहायची, मग घाबरायचं, अशी माझी पद्धत आहे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मलकापूरच्या एका जिनिंगला आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जायची होती. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या जिनिंगमध्ये दसऱ्याला कापूस खरेदीचा मुहूर्त होतो आणि सकाळी सातपासून गाड्या लागतात. तिथल्या गाड्या तोलायच्या भुईकाट्यावर आठवड्यापूर्वी नवा इंडिकेटर बसवला होता. इंडिकेटर म्हणजे लाल आकड्यांत वजन दाखवणारा डबा. निरीक्षकांनी तो तपासून सील केला होता, त्यामुळे जुना परत लावायची सोय नव्हती. आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरला नव्या डब्याचे आकडे वाचता येत नव्हते. नवी आवृत्ती गेली नाही, तर पावत्या हाताने लिहाव्या लागणार होत्या. आदल्या वर्षी एक दिवस तसं करावं लागलं होतं आणि गेटवर आकड्यांवरून हातघाईची वेळ आली होती. मॅनेजर गावंडे साहेबांनी यंदा सगळ्यांना छापील पावतीचा शब्द दिला होता. तो त्यांनी माझ्या शब्दावर दिला होता.

आमचं ऑफिस खामगावला. खाली राजाभाऊंचं काटे दुरुस्तीचं दुकान, तीस वर्षांचं. काटे इलेक्ट्रॉनिक झाले तसे त्यांनी वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर सुरू केलं. आम्ही सहा जण आहोत. तपासणी आणि रिलीज, म्हणजे तयार आवृत्ती गिऱ्हाइकाकडे पाठवणं, हे माझं काम.

प्रोग्राम लिहून झाला की तो थेट पाठवत नाहीत. आधी तो सुट्या भागांपासून पुन्हा बांधायचा, मग सगळ्या टेस्ट चालवायच्या, त्या पास झाल्या तरच पाठवायचा. हे दर बदलाला हाताने करत बसलं तर दुसरं काही होणार नाही, म्हणून ते आपोआप होतं. आमचा कोड भाड्याच्या सर्व्हरवर असतो. तो काम वाटतो. ते काम प्रत्यक्ष करणाऱ्याला रनर म्हणतात. रनरही भाड्याने मिळतो, पण आमचा आम्ही ऑफिसातल्याच मशीनवर ठेवला आहे. कारण साधं आहे. त्या मशीनला वायरने एक छोटा काटा जोडलेला आहे, काट्यावर वीस किलोचं लोखंडी वजन कायम ठेवलेलं आहे, आणि टेस्टमध्ये ते वीसच वाचलं गेलं पाहिजे. बाहेरगावच्या सर्व्हरला आमचा काटा दिसणार कसा?

प्रत्येक काम वेगळ्या कंटेनरमध्ये होतं. कंटेनर म्हणजे मशीनच्या आत बनवलेली एक बंद खोली. कामापुरती बनवायची, लागेल ते सामान आत ठेवायचं, काम झालं की खोलीच मोडून टाकायची. आधीच्या कामाचा कचरा पुढच्या कामात येत नाही. आमचा रनर स्वतःसुद्धा अशाच एका खोलीत बसलेला होता. पुढे सगळं अडलं ते इथेच.

त्या दिवशी सकाळी दहाला राजाभाऊ वर आले होते. हातात झेंडूच्या माळा.

“सुनंदाताई, मशीन बंद करा. पूजा करून घेऊ.”

“राजाभाऊ, दुपारी रिलीज आहे. चालू असतानाच कुंकू लावलं तर नाही चालणार?”

“चालू मशीनची पूजा होते काय? खाली लेथ बंद केली, ड्रिल बंद केली. याचेच काऊन एवढे लाड?”

त्यांचं बरोबर होतं. सालभर राबणाऱ्या हत्याराला एक तास आराम द्यायचा, ही त्यांच्या दुकानाची रीत. मी शहाण्या बाईसारखं सगळं क्रमाने बंद केलं. आधी रनरला ‘डाउन’ ही कमांड दिली, मग मशीन शटडाउन केलं. पूजा झाली, पेढे झाले, सव्वाअकराला मशीन आणि रनर पुन्हा चालू केले. आणि अकरा चाळीसला ती ओळ आली.

प्रमोद माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. वय छत्तीस, गाव लोणार तालुक्यातलं सुलतानपूर. चारच्या बसने तो दसऱ्याला घरी जाणार होता, बॅग पायाशीच होती. त्याने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली.

“लाइट तर दर हप्त्याला जाते. तेव्हा तर आपोआप उठून बसते हे.”

“तेच म्हणते मी. आणि आज तर नीट बंद केलं होतं.”

“नीट म्हणजे? स्टॉप केलं का डाउन?”

“डाउन.”

तो खुर्ची ओढून बसला. “मग मॅडम, खोलीच मोडली तुम्ही.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. स्टॉप म्हणजे खोलीला कुलूप. डाउन म्हणजे खोली मोडणे. पुन्हा चालू करताना ती फाइलमध्ये लिहिलेल्या नकाशावरून नवी बांधली जाते. नकाशात आहे तेवढंच परत मिळतं. आणि चौदा महिन्यांपूर्वी रनर बसवताना मी बरीचशी दुरुस्ती नकाशात न लिहिता थेट खोलीत शिरून केली होती. आता चालू होऊ दे, फाइलमध्ये सावकाश लिहू, असं म्हणून. लाइट गेली की खोलीला नुसतं कुलूप लागायचं, म्हणून इतके दिवस काही कळलं नाही.

मी जुनी वही काढली. दोन दिवसांच्या त्या खटपटीची नोंद एका ओळीत होती: रनर बसवला, पुढे बरोबरची खूण.

प्रमोदने वाचलं. “सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं ते लिहिता तुम्ही. एसीचा फिल्टर कोणी धुतला ते लिहिता. आणि याची एक टिकमार्क?”

“बोलून झालं असेल तर नवीन टोकन काढ.”

सर्व्हरने रनरला ओळखावं म्हणून एक टोकन द्यावं लागतं. जुनं खोलीबरोबर गेलं होतं. नवीन काढलं, या वेळी ते फाइलमध्येच लिहिलं, रनर पुन्हा नोंदवला, सर्व्हरवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. बारा दहा. मला वाटलं, सुटलो. काम सुरू झालं आणि दुसऱ्याच मिनिटाला लाल होऊन पडलं.

सव्वाबाराला गावंडे साहेबांचा फोन.

“मॅडम, आमचा ऑपरेटर साडेपाचले घरी जाते. सणाचा दिवस हाय, त्याले थांबवता नाही येत. येऊन राह्यलं ना तुमचं?”

“साहेब, एक अडचण आली आहे. चारपर्यंत नक्की काय ते सांगते.”

“नक्की काय ते म्हणजे? येते का नाही, तेवढं सांगा.”

“येईल.”

फोन ठेवल्यावर प्रमोद म्हणाला, “माझ्या लॅपटॉपवर बांधून देऊ का? वीस मिनिटं.”

हा मोह मोठा होता, आणि म्हणूनच मी नको म्हणाले. दोन वर्षांपूर्वी आम्ही असंच एका तेल गिरणीला लॅपटॉपवरून बांधून दिलं होतं. लॅपटॉपवर चाचणीसाठी बदललेली एक सेटिंग तशीच राहिली आणि अर्धा दिवस चारशे बारा किलो सरकी पावतीवर एक्केचाळीस पूर्णांक दोन छापून येत होती. राजाभाऊंनी स्वतः जाऊन माफी मागितली होती. पण मुहूर्त कोणासाठी थांबत नाही, हेही खरं. मी नव्या पानावर लिहिलं: साडेतीनपर्यंत रनर. नाही झालं तर लॅपटॉप, आणि मी स्वतः मलकापूरला जाऊन पहिल्या दहा पावत्या तपासणार.

आता प्रश्न असा की त्या खोलीत मी काय काय केलं होतं? एक-दोन गोष्टी आठवत होत्या. बाकी कोरं. खोलीची प्रत नव्हती. प्रमोदने जेवणाचा डबा उघडला, एक घास घेतला आणि थांबला.

“मॅडम, तेव्हा बसवताना पहिल्या झटक्यात थोडंच चाललं असेल?”

“छे. किती वेळा लाल झालं होतं.”

“मग ते लाल पडलेले सारे सर्व्हरवर असतीन की. आपण पुसले कुठं?”

प्रत्येक कामाचा लॉग, म्हणजे काय केलं आणि कुठे अडलं याचा ओळीने लिहिलेला वृत्तांत, सर्व्हरवर राहतो. ते लाल लॉग डोळ्यांना खुपतात म्हणून पुसून टाकावेत, असं मीच दोनदा सुचवलं होतं. सुदैवाने कोणी मनावर घेतलं नव्हतं. आम्ही मागे जात जात चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या दोन दिवसांवर पोचलो. एकोणीस लाल लॉग. एका लॉगमध्ये एक चूक दिसायची, पुढच्यात ती नसायची. म्हणजे मधल्या वेळात मी ती दुरुस्त केली होती. काय दुरुस्त केलं ते चुकीवरून ओळखायचं. मी वाचत गेले, प्रमोद फाइलमध्ये लिहीत गेला. थेट खोलीत शिरायचं नाही, असं मी त्याला बजावलं. त्याने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

पहिलं सापडलं ते सर्टिफिकेट. प्रोग्रामचे सुटे भाग आमच्याच एका दुसऱ्या मशीनवर असतात आणि त्या मशीनवर विश्वास ठेव, असं रनरला सांगावं लागतं. ते लिहिलं. काम पुढे सरकलं आणि काट्याच्या टेस्टला पडलं: काटा सापडत नाही. हेही जुन्या लॉगमध्ये होतं. खोली चारही बाजूंनी बंद असते, काट्याची वायर आत घ्यायला वेगळी परवानगी लिहावी लागते. तीही लिहिली. दोन वाजून पाच मिनिटं.

पुन्हा चालवलं. आता काटा सापडला, पण वजन वाचलं गेलं दोन किलो. पुढच्या वेळी शून्य. मग एकदा बरोबर वीस. मग पुन्हा दोन. जुन्या लॉगमध्ये असली चूक कुठेच नव्हती.

खाली निरोप गेला. राजाभाऊ चष्मा पुसत वर आले. त्यांनी वजन उचललं, ठेवलं, इंडिकेटरकडे पाहिलं. लाल आकडे वीसवर ठाम होते.

“काट्यात काही दोष नाही. तुमच्याच मशीनमध्ये हाय काही तरी.”

“पूजा तुम्हीच केली राजाभाऊ,” प्रमोद म्हणाला.

“मी काट्याची केली बे. त्याची तूच करायले पाह्यजे होती.”

मी हसले नाही. पावणेतीन झाले होते. लॅपटॉपची वेळ जवळ येत होती आणि चुकीचं वजन वाचणाऱ्या टेस्टपेक्षा वाईट काही नसतं. ती कधी पास होते, कधी नाही, आणि दोन्ही वेळा तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

प्रमोद तोवर जुने हिरवे लॉग उघडून बसला होता. त्याने एका कागदावर वेळा लिहिल्या. सुरू, संपलं, सुरू, संपलं.

“हे पाहा. चौदा महिन्यांत दोन कामं एका वेळी कधीच चालली नाहीत. पहिलं संपलं की मगच दुसरं. आणि आज?”

आज तीन टेस्ट एकदम चालू होत्या. आणि ते मीच केलं होतं. दुपारी रनर पुन्हा नोंदवताना एका वेळी किती कामं घ्यायची, या जागी मी चार लिहिलं होतं. घाई होती, मशीन दणकट आहे, लवकर उरकेल. पण काटा एकच. तीन खोल्यांतून तीन टेस्ट एकाच वायरवरून आकडे ओढत होत्या. वीसमधला दोन एकीला मिळत होता, शून्य दुसरीला. चौदा महिन्यांपूर्वी मी तिथे विचार करून एक ठेवलं असणार, किंवा ते मुळात एकच असेल आणि मी हात लावला नसेल. दुसरं जास्त शक्य आहे.

चारचं एक केलं. फाइलमध्येच. मग एक गोष्ट मुद्दाम केली. प्रमोदला म्हटलं, “आता डाउन कर.”

“आता? चालू होतंय तर...”

“म्हणूनच. फाइलमधून सगळं परत येतं का ते पाहू. नाही तर आपण परत खोलीच सजवली.”

त्याने डाउन दिलं. खोली मोडली. पुन्हा चालू केलं. हिरवा ठिपका आला. काम सुरू झालं. एकेक टेस्ट, एकामागे एक, सावकाश. काट्याची टेस्ट आली. वीस. वीस. वीस. शेवटची ओळ हिरवी झाली तेव्हा तीन बावीस झाले होते. मला पाणी प्यावंसं वाटलं. सकाळपासून प्यायलेच नव्हते.

चारला पाच मिनिटं असताना गावंडे साहेबांच्या ऑपरेटरने नवी आवृत्ती चढवली आणि रिकामा ट्रॅक्टर काट्यावर घेऊन एक पावती छापून पाहिली. आकडा इंडिकेटरशी जुळला. एवढ्यात प्रमोदची चारची बस गेली होती. राजाभाऊंनी त्याला स्वतःच्या गाडीने मेहकरपर्यंत सोडलं. वाटेत दोघांचं भांडण झालं असणारच.

दसऱ्याला सकाळी आठला गावंडे साहेबांचा फोन आला.

“मॅडम, अकरा गाड्या झाल्या. भांडण नाही, काही नाही. लोकं पावती वाचून राह्यले अन् गुपचूप पुढं जाऊन राह्यले. मलेच करमत नाही.”

मी आपट्याची पानं निवडत बसले होते. दिवसभर मी वही उघडली नाही.

यातून मी जे शिकले ते थोडकं आहे. सेटिंग फाइलमध्ये असेल तरच ती आहे. चालू मशीनच्या पोटात असेल, तर ती फक्त आज आहे. आणि फाइल पुरती आहे का, हे वाचून कळत नाही, मोडून पुन्हा बांधल्यावरच कळतं. म्हणून आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी, कुठलंही रिलीज नसताना, मी रनर स्वतः डाउन करते आणि फाइलवरून नवा उभा करते. पहिल्याच शनिवारी फाइलमध्ये लिहायच्या राहिलेल्या आणखी दोन गोष्टी सापडल्या.