ह नंतरचा ळ

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी ट्रायलवर होते. डॉक्टर मॅडमनी नवीन टॅब आणलेला. पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत, मराठीत लिहायची आणि पेशंट आत जाताना टॅब मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, हे माझं काम. "टाइप कसं करायचं ते तू बघ," त्या म्हणाल्या. "पण शनिवारपर्यंत काय ते एकच ठरव. रोज वेगळं केलंस की लाईन तुंबते."

बोलून लिहिणं सगळ्यात जलद. पण बाकावरच्या दहा जणांसमोर कुणाची मूळव्याध मोठ्यानं उच्चारणं माझ्याच्यानं झालं नसतं. बोटानं काचेवर लिहावं, तर माझं मराठी अक्षर टॅबलाही लागेना. मराठी अक्षरांचा कीबोर्ड होता, त्यावर एकेक अक्षर हुडकत बसावं लागे. राहिलं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणं. मी डोंबिवलीच्या इंग्लिश मीडियममधली, मैत्रिणींना मेसेज असेच करते. मनातून तेच ठरलं होतं.

शुक्रवारी एक सासू-सून आल्या. सून माझ्याच वयाची. "लिही गं, कंबर धरलीय हिची," सासूबाई म्हणाल्या. "मॅडमना म्हणावं, फोटोच काढायला सांगा." फोटो म्हणजे एक्स-रे. त्या पंख्याखालची जागा धरायला गेल्या, तशी सून काउंटरवर वाकली.

"ताई, पाळी चुकलीय. दीड महिना झाला. मॅडमना कळू दे, पण सासूबाईंसमोर नको. गेल्या खेपेला टिकलं नाही, आणि सगळ्या चाळीला आधीच सांगून झालेलं."

"मग आत गेल्यावर तुम्हीच..."

"आत त्या येणारच सोबत."

मी कंबरदुखी लिहिली. मग पी, ए, एल, आय. वर आलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि पुढचा शब्द घेतला. एकटीला विचारा, असंही लिहायचं होतं. तेवढ्यात सासूबाई परत आल्या आणि नंबर लागला. टॅब आत ठेवून मी बाहेर आले.

खुर्चीत टेकते तोच पडद्याआडून मॅडमचा आवाज आला. "कंबर दुखते... पाली? हे पाली काय?"

"पाली? आमच्याकडं एक पाल नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "गणपतीलाच रंग काढलाय."

न बोलावता मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. गेले. "मॅडम, माझी चूक झाली. दुरुस्त करून देते."

सून फरशीकडे बघत होती. मॅडमच्या हाताखाली एक्स-रेची चिठ्ठी, अर्धी लिहिलेली. घाईत मी पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं दाबली, पुन्हा पालीच. मग अक्षरांचा कीबोर्ड उघडला. ल दिसला, पण ळ त्याच्या शेजारी नव्हता. सासूबाई पुढे झुकल्या, तसा मी टॅब स्वतःकडे कलता केला.

"लपवतेस काय गं? चष्म्याबिगर मला कुठं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पिशवीत चष्मा शोधायला लागल्या.

शाळेत मुळाक्षरं म्हणताना शेवटी शेवटी मी नुसते ओठ हलवायचे. य र ल व. श ष स. ह. त्यानंतर ळ. कीबोर्डवरही त्याच क्रमानं होता, पार कोपऱ्याकडे. पाळी चुकली, दीड महिना. एकटीला विचारा. चष्म्याची डबी टक्कन उघडली. मी टॅब मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चिठ्ठी दुमडून ड्रॉवरमध्ये टाकली. "आजी, आलाच आहात तर बाहेर हिच्याकडे वजन करून घ्या. मी कंबर तपासते."

"आणि फोटो?"

"आज नको."

बाहेर मी सासूबाईंचं वजन दोनदा केलं. दुसऱ्यांदा कशाला, त्यांनी विचारलं. काटा अडकतो, म्हटलं.

शनिवारी मॅडमनी विचारलं, काय ठरलं. मी अक्षरांचा कीबोर्ड म्हणाले.

"त्यात तू किती वेळ लावतेस माहितीय ना? लाईन रस्त्यावर जाईल."

"हो."

"मग?"

"त्यात ळ वेगळा आहे."

त्यांनी टॅब माझ्याकडून घेतला, सेटिंगमध्ये जाऊन बाकीचे तीन पर्याय बंद केले आणि पुढच्या पेशंटला पाठवायला सांगितलं.