ताई, तुम्ही कुठला वापरता?

आमच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता साठतात. रिकामी खोकी आणि किस्से. खोकी दर सोमवारी भंगारवाला घेऊन जातो. किस्से माझ्याकडंच राहतात आणि बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की त्यांचा नुसता ढीग लागतो. आता विषय काढलाच आहे तुम्ही, तर चहा येईपर्यंत ऐका.

दुकान लॅपटॉपचं, आपल्या सोलापुरातलंच. मालक सलीमभाई. माणूस दिलदार, पण लॅपटॉपमधलं त्यांना चालू-बंद करायचं बटण सोडून काही कळत नाही. मागच्या खोलीत रिपेरिंगला व्यंकटेश, घरी तेलुगू बोलणारा आणि दुकानात कुठल्याच भाषेत फारसं न बोलणारा. काउंटरवर मी, सुरेखा, गेली अकरा वर्षं. कुठल्या कोर्सला कुठला लॅपटॉप घ्यावा, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगीन.

फक्त एका प्रश्नाला माझी बोबडी वळायची. "ताई, तुम्ही कुठला वापरता?"

माझ्याकडं लॅपटॉपच नव्हता! आणि यंदा तर मलाच तो हवा होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बाहेरून बी.ए.ला नाव घातलंय. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, सांगायचं राहिलं होतं. भिशी लागली ते पैसे बाजूला काढून ठेवले होते. पण लॅपटॉप घरी न्यायचा म्हणजे आत्यांना सांगायचं, आणि आत्यांना सांगायचं म्हणजे... असो. तिथं येऊच.

* * *

अकलूजहून एक कुटुंब आलं होतं. मुलीला फार्मसीला प्रवेश मिळालेला. मुलगी, आई, वडील, चुलता, चुलती आणि मामा. जीपमधून उतरले तेव्हा सलीमभाईंना वाटलं, गणपतीची वर्गणी मागायला आलेत.

मामा सगळ्यांत पुढं. मला बघून म्हणाले, "सायेब कुटं हायत?"

सलीमभाई म्हणाले, "मीच. बोला."

"ह्याची रॅम किती?"

"ताईंना विचारा."

"प्रोसेसर कुठला?"

"ताईंना विचारा."

"मग तुमाला काय इचारायचं?"

"चहा घेणार का, ते!"

मी एक चांगला लॅपटॉप काढून दिला. मामांनी तो दोन्ही हातांवर तोलला आणि तोंड वाकडं केलं. "लई हलका हाय की! येवढ्या पैशात येवढंच वजन?" कारखान्यात उसाच्या गाड्या वजनकाट्यावर लावण्यात त्यांचा जन्म गेलेला. वजन कमी म्हणजे कुणीतरी फसवतंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांनी कपाटातला सगळ्यात जुना, सगळ्यात जाड लॅपटॉप काढायला लावला आणि खूश झाले. "ह्यो बघा. हातात काय तरी असल्यासारखं वाटतंय."

मुलगी रडकुंडीला आली. शेवटी मीच म्हटलं, "मामा, हिची खोली हॉस्टेलात चौथ्या मजल्यावर. रोज हे ओझं तुम्ही चढवणार की ही?"

मामांनी जाड लॅपटॉप खाली ठेवला. भाचीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं, हलका द्या. पन चार्जर जड द्या!"

* * *

आमच्याकडं नवीन मशीनची पूजा दुकानातच होते. घरी नेईपर्यंत कुणाला धीर नसतो. ज्याचा अभ्यास त्यानं लॅपटॉप हातात धरायचा आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं कुंकू लावायचं, अशी पद्धतच पडून गेली आहे.

जुळे सोलापूरचे एक बँकेतले साहेब. मुलाला इंजिनिअरिंग. येताना नारळ घेऊन आले. मी "बाहेर, बाहेर" म्हणेपर्यंत त्यांनी तो काउंटरच्या कडेवर आपटला. नारळ एका फटक्यात फुटला आणि सगळं पाणी उघड्या कीबोर्डवर!

व्यंकटेश मागून आला. बघितलं आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. "साहेब, हे वॉरंटीत बसत नाही."

साहेब कळवळून म्हणाले, "अहो, पण देवाचं पाणी आहे ते!"

"देवाचं असलं तरी ओलंच आहे," व्यंकटेश म्हणाला आणि मशीन उलटं करून आत घेऊन गेला. वाचलं ते मशीन. पण तेव्हापासून सलीमभाईंनी नियम केला. नारळ बाहेरच्या पायरीवर. आणि हळदीकुंकवाचा करंडा त्यांनी स्वतः आणून पेन ड्राइव्हच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. संपत आला की मला आठवणही तेच करतात.

मध्यंतरी कंपनीचा तपासणीचा माणूस आला होता. टाय वगैरे लावून. त्यानं ड्रॉवर उघडला आणि दचकून विचारलं, "ही लाल पावडर कसली?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "इन्स्टॉलेशन किट."

* * *

व्यंकटेशच्या ओळखीचे एक आजोबा नातीला घेऊन आले. आयुष्यभर मागावर टॉवेल विणलेले. मी स्क्रीन दाखवतेय, रंग दाखवतेय, त्यांचं लक्षच नाही. म्हणाले, "उलटा कर."

"काय?"

"माल उलटा कर. वरची बाजू सगळेच चांगली करतात."

मी लॅपटॉप उलटा केला. त्यांनी खालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. एका स्क्रूपाशी बोट थांबलं. "हे आधी कुणीतरी खोललंय."

सलीमभाई एकदम तापले. "आजोबा, नवा माल आहे! सील माझ्या डोळ्यांसमोर फोडलं!" तेवढ्यात मागच्या खोलीतून बारीक आवाज आला, "मी खोललं होतं. सकाळी रॅम वाढवून ठेवली. सांगायचं राहिलं."

सलीमभाईंनी हात जोडले. "आजोबा, उद्यापासून इथं कामाला या."

"नको रे बाबा. मी रोज सगळा माल उलटा करीन, मग तू विकणार काय?"

घेतला मात्र तोच. चालू करून कान लावून पंख्याचा आवाज ऐकला आणि नातीला म्हणाले, "आवाज नाही याला. माझा माग असा असता तर मला आज नीट ऐकू आलं असतं." नातीनं त्यांचा हात धरला. मग जाता जाता त्यांनी मला विचारलंच, "तू कुठला वापरतेस गं?"

मी म्हटलं, "नारळ पायरीवर फोडा हं, आजोबा."

* * *

जेऊरची एक माउली. मुलाचा लॅपटॉप घेऊन आली, वर्षभरापूर्वी आमच्याकडूनच नेलेला. "सारखा गरम हुतोय. तापच उतरंना."

पिशवीतून काढला तर त्याला अंगरखा शिवलेला! आपली सोलापुरी चादर कापून, आतून अस्तर, बाजूला नाडी. सुंदर शिवण, खोटं कशाला बोलू. आतल्या मशीनवरचं प्लास्टिकही तसंच होतं, स्क्रीनवरचं आणि खालचंसुद्धा. हवा जायच्या जाळ्या चादरीनं गच्च बंद.

व्यंकटेश म्हणाला, "मावशी, हा अंगरखा चालू असताना काढत जा."

"काढू? आन् थंडीत? जेऊरला थंडी किती पडती ठावं हाय का तुला?"

* * *

हा किस्सा मला जरा लागला, म्हणून सांगते.

एक वडील आणि मुलगी. वडील कमी बोलणारे, मिशा भरघोस. मी दोन-तीन मॉडेल मांडली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हिच्या लग्नापतुर टिकंल का?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "मग लई टिकाऊ दाखवा, ताई. धा वर्सं तरी लागतील."

वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता उठतात. तर म्हणाले, "दाखवा. टिकाऊच दाखवा."

मला हसू आलं आणि पाठोपाठ माझंच जुनं आठवलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बघायला आले होते. माझे वडील म्हणाले, "पोरीला शिकायचंय." आत्या म्हणाल्या, "पुढं बघू." त्या वाईट नव्हत्या. नाही असं कधीच म्हणाल्या नाहीत. फक्त ते पुढं काही आलं नाही. मुलगा झाला, सासऱ्यांचं आजारपण निघालं, मुलगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला. चोवीस वर्षं गेली. यंदा सुटलं तर परत मी नाव घालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी प्रवेशाचा फॉर्म भरला. नव्यानं, पहिल्या वर्षापासून. मध्येच अडला. पालकाचा मोबाईल नंबर हवा! या वयात पालक कुठून आणू? माझाच नंबर दिला तर घेईना. नवरा एसटीवर ड्रायव्हर, त्यांचा फोन अर्धा दिवस रेंजच्या बाहेर. आत्यांचा नंबर तोंडपाठ होता, तो टाकला आणि विसरून गेले. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या पालकाला कोण मेसेज करणार?

* * *

पहिला स्वाध्याय ऑनलाइन जमा करायची तारीख आली. मी रोज दुपारी कपाटातून एक लॅपटॉप काढायची, उघडायची, पुसायची आणि परत ठेवायची.

सलीमभाई वैतागले. "ताई, दुनिया को लॅपटॉप दिया तुमने. खुद के लिए इतना कायकू सोचते?"

"स्क्रीन बारीक आहे हो याची."

"कल मोठी थी."

"काल जड होता."

व्यंकटेश मागून म्हणाला, "अकलूजच्या मामांना बोलवू का?"

तारीख गेली. मी घरी जाऊन मुकाट्यानं भाकऱ्या थापल्या.

* * *

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून आत्या उतरल्या.

अकरा वर्षांत त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. हातात पिशवी, डोक्यावरून पदर. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ सलीमभाईंसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"सायेब, पोरीसाठी लॅपटॉप पायजे. कालेजला हाय."

सलीमभाईंनी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. सवयीनं म्हणाले, "ताईंना विचारा की."

"ताईला इचारून कळलं असतं तर मी रिक्षा करून आले असते व्हय?"

पिशवीतून मोबाईल काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. सलीमभाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "प्रिय पालक, आपली पाल्य सुरेखा हिने पहिला स्वाध्याय मुदतीत जमा केलेला नाही. कृपया पाल्याच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे."

वाचून झाल्यावर त्यांनी आधी आत्यांकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मागच्या खोलीत स्क्रू पडल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "आत्या, मी सांगणारच होते..."

"तू गप. गिऱ्हाईकाशी बोलतीय मी." आणि सलीमभाईंना म्हणाल्या, "माझ्या सुनंला बारीक अक्षर दिसत न्हाई, पन चष्मा लावत न्हाई. वाकून बसली की मान धरती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावंल येवढाच पायजे, तितंच बसणार ती. असला हाय का काय?"

अकरा वर्षांत इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी पुढं होऊन गपचूप एक काढून दिला. तोच, जो मी रोज पुसून परत ठेवत होते. डोळे भरून आले होते, म्हणून किंमत सांगायच्या ऐवजी मी वॉरंटीच सांगत सुटले.

आत्यांनी लॅपटॉप उलटा करून बघितला. "ह्योच द्या."

सलीमभाईंनी स्वतः ड्रॉवर उघडून करंडा पुढं केला. मी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला, आत्यांनी कुंकू लावलं. मशीनला आणि मग मलाही. पिशवीत नारळसुद्धा होता. तो पायरीवर सलीमभाईंनी फोडला.

"अजून येक," आत्या आत येऊन म्हणाल्या. "हिला रोज सा वाजता सोडायचं. अभ्यास पडलाय. परत मेसेज आला तर मी हितंच येऊन बसीन."

दुकान नऊला बंद होतं. सलीमभाईंनी घड्याळाकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "हौ, आत्या."

व्यंकटेश वॉरंटीचा फॉर्म घेऊन आला. माझं नाव त्यानं न विचारताच लिहिलं. पुढं घेणाऱ्याच्या रकान्यात आत्यांचं नाव विचारून घातलं. मग पेन थांबवून विचारलं, "विद्यार्थिनीशी नातं? सासू लिहू?"

आत्यांनी मोबाईल उचलून त्याच्यासमोर धरला.

"हितं काय लिवलंय? त्येच लिव."