दाराच्या आतल्या बाजूचे खड्डे

दार सागाचं, दोन फळ्यांचं, बाहेरून कडी असलेलं. जुनं घर पाडलं तेव्हापासून ते गोठ्यामागे पेंढ्याखाली पडून होतं. टोकावड्याजवळच्या गावातलं आमचं नवं घर उभं राहत होतं आणि बायको म्हणाली, एवढा साग विकत मिळतो का आता? मला ते दार नको होतं, पण का नको हे सांगता येईना, म्हणून हो म्हणालो.

सुताराने फळ्या घासल्या. आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर सात-आठ खोल खड्डे निघाले.

"हे कशाचं वो?"

"गाईनं शिंगं मारली."

"आतून?" तो हसला. "गाय घरात आन् माणसं अंगणात? भारीच घर तुमचं!"

मीही हसलो. नंतर दिवसभर कामात लक्ष लागेना. बांधकामाच्या वाळूवर पाणी मारायला गेलो आणि पाइप हातात धरून नुसताच उभा राहिलो.

खड्डे मुसळाचे. मुसळ माझ्या मोठ्या बहिणीच्या हातात होतं.

म्हशाची जत्रा होती. घरचे सगळे बैल बघायला गेलेले. ताई डोकं दुखतं म्हणून मागे राहिली होती. मी वाटेतून परत आलो, कारण तिचं गाठोडं मी सकाळीच पाहिलं होतं. डोंगराकडच्या पाड्यावरचा एक मुलगा एसटीच्या थांब्यावर तिची वाट बघणार होता. आमच्यातला नव्हता. मी बाहेरून कडी घातली. परसदाराला नव्या भाताच्या पोत्यांची थप्पी लावलेली, तिकडून वाट नव्हती. ती दार ठोकत होती आणि मी अंगणात बसून होतो. मला तिची काळजी वाटली असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं असं की शाळेतली पोरं चिडवतील, एवढंच माझ्या मनात होतं. सोळा वर्षांचा होतो.

शेवटची गाडी गेल्यावर मी कडी काढली आणि शेताकडे पळालो. तेवढ्यात बा जत्रेतून आला. ताई बाहेर आली ती थेट त्याच्यासमोर. तिला वाटलं, हे त्याचंच काम. बाला पुढे मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे. तुमा भावाबहिणीचं तरी बोलनं राहू दे." तिला मात्र त्याने कधीच काही सांगितलं नाही.

ती लग्न होऊन सापगावला गेली. बाशी बोलली नाही. तो शेवटचा आजारी पडला तेव्हा निरोप पाठवला, ती आली नाही. मी त्याच्या उशाशी बसलो होतो. एक फोन करून खरं सांगायचं होतं, बस्स. केला नाही.

आता चौकट बसवायचा दिवस ठरला होता. आमच्याकडे चौकटीला हळदकुंकू घरच्या बहिणीने लावायचं असतं. म्हणून मी सुताराला घाई केली, खड्डे भुसा आणि सरस कालवून बुजवून टाक. त्याने बुजवले. वरून मी स्वतः जवसाचं तेल चोळलं. साग तेल पिऊन काळाभोर झाला आणि सरसाने तेल घेतलंच नाही. खड्डे होते त्या जागी पांढरे ठिपके उठले. लपवायला गेलो आणि खुणा करून बसलो.

ताई मुरबाडला गाडी बदलून आली. चौकट उभी होती, फळ्या भिंतीला टेकवलेल्या. हळदीचं बोट तसंच धरून ती फळीपाशी गेली.

"मुसळाचं ना रे हे?"

"होय."

"बानं ठेवलं व्हतं हे दार?"

"मी ठेवलं," मी म्हणालो, आणि मग थांबताच आलं नाही. "ताई, कडी मी घातली होती. बाला तेव्हा काय ठाऊक नव्हतं. तो म्हशाच्या जत्रेत होता."

सुतार पटाशी घेऊन पलीकडे सरकला. ताई चौकटीकडे वळली. चौकटीला हळद लावली, कुंकू लावलं, नारळ ठेवला. फळ्यांना हात लावला नाही. मग पदराला बोट पुसत म्हणाली,

"त्याच्या तोंडात मी पानी नाय घातलं रे. तू बसला व्हतास ना तिथं?"

"बसलो होतो."

"आन् तरी तू बोलला नायस."

चहा झाला, अर्धा कप तिने तसाच ठेवला. मी विचारलं, घरभरणीला येशील ना?

"बाचा फोटो कुठं लावनार?"

"ठरवलं नाय अजून."

"दारासमोर लाव. पाय ठेवायच्या आधी दिसला पायजे. मग बघू."

सुताराकडून पक्कड घेऊन मी कडी काढली. खिळे सुटताना लाकूड जरा चिरलं, ते तसंच ठेवलंय. ठिपकेही ठेवलेत. घरभरणीला चार दिवस आहेत. फोटोचा खिळा मी आतापर्यंत तीनदा हलवलाय. दर वेळी अंगणात जातो, ती येईल त्या वाटेवर उभा राहून उघड्या दारातून आत बघतो. काचेवर उजेड पडतो आणि बाचा चेहरा दिसत नाही. पुन्हा आत येतो, खिळा उपटतो.