आईच्या अंगातला सदरा

दसरा झाला की आमचं गाव निम्मं रिकामं व्हायचं. पाथर्डीकडच्या आमच्या कोरडवाहू रानात बाजरी निघाली की पुढं काहीच नसायचं. मग आई-वडील ऊस तोडायला देवळाली प्रवरेकडं निघायचे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या पोत्यावर मी. थंडीभर उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत राहायचं. माझी शाळा दरवर्षी अर्ध्यात तुटायची. उन्हाळ्यात परत आल्यावर गुरुजी विचारायचे, नक्की कितवीत आहेस तू?

त्या कोपीपुढं काढलेला आईचा एकच फोटो आमच्याकडं आहे. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं काढलेला. पहाटेची वेळ, चूल पेटलेली, आईच्या हातात कोयता आणि लुगड्यावर वडिलांचा लांब बाह्यांचा सदरा. उसाचं पान हात चिरतं, म्हणून तोडीवरच्या बाया असा सदरा घालतात. वडील तेव्हा ट्रॉलीवर मोळ्या रचत होते, ते फोटोत आले नाहीत. पुढं ते वारले. त्यांचा फोटो कधी निघालाच नाही.

यंदा आम्ही पक्कं घर बांधलं. वास्तुशांतीला समोरच्या भिंतीवर आईचा तोच फोटो लावायचं ठरलं आणि तो मोठा करून आणायचं काम चुलत्यांनी अंगावर घेतलं. त्यांनी स्टुडिओतून आणलेला फोटो बघून मला आधी हसूच आलं. आई गोरीपान. अंगावर हिरवी पैठणी, गळ्यात गंठण, मागं बर्फाचे डोंगर. कोयत्याच्या जागी गुलाबांचा गुच्छ. सदरा गायब.

मी म्हणाले, ही आमची आई नाही. चुलते चिडले. चार बुकं शिकली म्हणून आम्हाला शिकवती का, असं बरंच बोलले. मग मनातलं बाहेर आलं.

"पावणे येनार. तुझ्या भावाची सोयरीक जुळायची हाय. बाईच्या अंगात गड्याचा सदरा अन् हातात कोयता, कसं दिसंल ते?"

"आहे तसं दिसेल, नाना."

आई गहू निवडत बसली होती. तिनं तो चकचकीत फोटो लांब धरून पाहिला आणि पालथा ठेवला.

"सदरा त्यांचा हुता," ती म्हणाली. "फोटूत त्यांचं तेवढंच हुतं."

चुलत्यांनी तो पालथा फोटो उचलून बाजूला ठेवला. मी जुना फोटो स्कॅन करून आणला आणि लॅपटॉप उघडून बसले. मीही फोटो बदलला, नाही म्हणत नाही. बुरशीचे डाग काढले. इतक्या वर्षांत पिवळा पडलेला उजेड पुसून त्यात थंडीचा निळा रंग परत आणला, कारण ती पहाट होती आणि पहाटेसारखीच दिसायला हवी होती. चुलीतला जाळ तेवढा लाल ठेवला. आईच्या रंगाला हात लावला नाही. सदऱ्याच्या बाहीवरचा उसाच्या चिकाचा काळा डागही तसाच ठेवला.

वास्तुशांतीला पाहुणे आले. काहीजण फोटोपुढं थांबून कुजबुजले. कुजबुजू देत. त्यातली एक म्हातारी मात्र बराच वेळ बघत राहिली आणि आईला म्हणाली, "मह्या अंगात बी असाच असायचा."

आज घर आमचं आहे. या घरात मी पहिली पदवीधर आहे. आणि समोरच्या भिंतीवर आई कोयता घेऊन, वडिलांच्या सदऱ्यात उभी आहे.