दीड वाजताचं आकाश

मार्च उजाडला की माझा भाव वधारतो. गडचिरोलीतल्या एका कार्यालयात मी संगणकावर उपग्रहाची चित्रं बघतो. जंगलात कुठे आग लागली, धूर कुठल्या गावाकडे सरकतोय, हे नकाशावर काढून साहेबांना पाठवायचं, एवढंच काम. पण चहाच्या टपरीवर मी ते असं सांगतो, जणू उपग्रह मीच सोडलाय.

माझी माय कुरखेड्याच्या पलीकडच्या गावात राहते. तिला दमा आहे. धूर छातीत गेला की तिचा श्वास वाजायला लागतो. म्हणून रोज दुपारी दोनला मी तिला फोनवर धुराचा अंदाज सांगायचो. "माय, दार लावून घरात बस, धूर तुमच्याकडे येऊन राह्यला." ती गावभर सांगत सुटायची, "माह्या पोराले वरून सारं दिसते." हे कानावर आलं की मी फुगायचो.

त्या दिवशी चित्र लख्ख होतं. आगीचा ठिपका नाही, धुराची रेघ नाही. मी ऐटीत फोन लावला. "आज मोकळं हाय. बिनधास्त अंगणात बस." अंगणात तिची मोहफुलं वाळत होती आणि कोंबड्या हाकलायला कुणीतरी लागतंच.

आता माझं शहाणपण ऐका. तो उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आमच्यावरून जातो, चित्र काढतो आणि चालू पडतो. आणि आमच्या गावात मोहाखालचा पाला पेटवतात ऊन कलल्यावर, चारच्या पुढे. म्हणजे पहाटे पडलेली फुलं साफ जमिनीवरून वेचता येतात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी आमच्या मोहाखाली मीच काडी लावायचो, एकदा तर चड्डीही जाळून घेतली होती. पण संगणकापुढे बसल्यापासून माझं जग दीड वाजताच संपायला लागलं होतं.

पाच वाजता शेजारणीचा फोन आला. "लवकर ये भाऊ, तुह्या मायले श्वास घेता येऊन नाई राह्यला. आमी तिले कुरखेड्याले दवाखान्यात नेऊन राह्यलो."

मोटारसायकल काढली. आरमोरीच्या पुढे जंगल लागलं आणि रस्त्यावर धूरच धूर. माझ्या नकाशावर नसलेल्या त्या धुरातून मी खोकत, डोळे पुसत, स्वतःला शिव्या देत गेलो. आपण पोचेपर्यंत ती असेल ना, एवढंच डोक्यात होतं.

ती होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती वरखाली होत होती. मी विचारलं, "माय, तुले धुराचा वास नाई आला काय?"

तिनं मास्क बाजूला केला. "आला ना. लय आला. शेजारीण बी म्हणे, आत चाल. मी म्हणलं, पोरगा म्हणते धूर नाई, तं नाई."

जन्मभर जंगलात वावरलेल्या बाईनं स्वतःच्या नाकापेक्षा माझ्यावर भरवसा ठेवला होता. मला तिथेच रडू फुटलं. नर्सला वाटलं, मलाही धूर लागला.

तासाभरानं तिची धाप जरा कमी झाली. मग म्हणाली, "उद्या धूर कुठी जाते रे?"

सवयीनं हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. हात मी मागे घेतला. "मले नाई माहीत, माय. तूच सांग. आता येते का वास?"

तिनं मास्क उचलून हुंगून पाहिलं. "येते ना. तुह्या शर्टाले."

मी शर्ट काढला, बाहेर मोटारसायकलवर टाकला आणि भोकं पडलेल्या बनियनवर परत येऊन तिच्या उशाशी बसलो.